गोठलेल्या तळ्यावरचं बिऱ्हाड

मिनेसोटात नोव्हेंबर लागला, की शिकारीचं नि मासेमारीचं सामान विकणाऱ्या मोठ्या दुकानांच्या आतच एक वस्ती उभी राहते. लाल, काळे, निळे तंबू, एकाला एक लागून. बाहेर तळी अजून धड गोठलेलीही नसतात. पण पन्नाशी-साठीतली भारदस्त माणसं वाकून एकेका तंबूत शिरतात, आतल्या खुर्चीवर बसतात, समोरच्या फरशीकडे टक लावून बघतात आणि उजवा हात हळूहळू वरखाली हलवतात. तिथे भोक नसतं, पाणी नसतं, मासा तर नसतोच. तरी चेहऱ्यावर समाधी लागलेली असते. मग बाहेर येऊन बायकोला सांगतात, "यात जरा ऐसपैस वाटतं." बायको तोवर हातमोज्यांच्या विभागात पोचलेली असते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे इकडे नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिला हिवाळाभर समजत नाही. कृती वाचायला सोपी आहे. गोठलेल्या तळ्यावर चालत जायचं, गिरमिटाने बर्फाला आठ इंची भोक पाडायचं, त्यात गळ सोडायचा आणि वाट बघायची. हवामानाचं म्हणाल, तर या राज्यातल्या टॉवर नावाच्या गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ६० फॅरनहाइट, म्हणजे उणे ५१ सेल्सिअसची नोंद झाली आहे. रोज काही तसं नसतं. ऐन हिवाळ्यातल्या रात्री उणे वीस सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि त्याला इथली माणसं "वाईट नाही" म्हणतात. कमी बोलणं हा इथला राज्यधर्म आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा 'दहा हजार तळी' एवढंच लिहितात. दहा एकरांहून मोठी तळी मोजली, तर ती ११,८४२ भरतात. उरलेल्या अठराशे बेचाळीस तळ्यांचा उल्लेख केला, तर उगाच बढाई मारल्यासारखं दिसेल.

अशा या अबोल माणसाला घरात कोंडून घातल्यासारखं होतं, म्हणून तो तळ्यावर जातो. घर, फोन, पाहुणे, गळका नळ, सगळ्यापासून लांब. आणि जाताना घराचा जेवढा भाग उचलून नेता येईल तेवढा बरोबर नेतो. दुकानातल्या त्या तंबूंकडे या नजरेने बघितलं, की कोडं सुटतं. तंबू माशावरून निवडत नाहीत. घरातली कोणती गोष्ट आपल्याला सोडवत नाही, त्यावरून निवडतात.

मूळ गरज किती लहान होती, ते आधी सांगायला हवं. या तळ्यांच्या काठी पिढ्यानपिढ्या राहणारे ओजिब्वे लोक बर्फात भोक पाडून त्याच्याशेजारी पालथे पडत आणि डोक्यावरून घोंगडी ओढून घेत. वरचा उजेड बंद झाला, की खालचं पाणी दिसू लागतं. एका हाताने लाकडाचा कोरलेला मासा पाण्यात नाचवायचा, दुसऱ्या हातात भाला. खरा मासा चौकशीला आला, की त्याचं काम तमाम. मग घोंगडी झटकायची, खांद्यावर टाकायची आणि चालू लागायचं. वजन नाही, जोडणी नाही, हरवायला स्क्रू नाहीत. उचलून नेता येणाऱ्या निवाऱ्याचा प्रश्न तिथेच निकाली निघाला होता. त्यानंतर जे जे झालं, त्याला सुधारणा म्हणतात.

सुधारणेचं एक टोक चाकांवर आहे. ट्रकमागे बांधून आणलेलं अख्खं घर बर्फावर न्यायचं, चाकं वर घेऊन जमिनीला (म्हणजे तळ्याला) टेकवायचं, आणि आत बंक, शेगडी, टीव्ही, काहींत संडाससुद्धा. फरशीला झाकणाची भोकं असतात. झाकण उचललं की खाली तळं. भिंतीवर लावलेली रीळ मासा लागला की खुळखुळते, म्हणजे गादीवर पडल्यापडल्या मासेमारी. किंमत हजारो डॉलरांत सुरू होते आणि कुठे थांबते, ते घरी सांगायची पद्धत नाही. मिल लॅक्स या १,३२,००० एकरांच्या तळ्यावर अशी घरं नि जुन्या प्लायवूडच्या खोल्या मिळून दर हिवाळ्यात गावच वसतं. रिसॉर्टवाले बर्फ सारून तळ्यावर रस्ते काढतात, भेगांवर पूल टाकतात, त्याचे पैसे घेतात. मिनियापोलिसच्या गर्दीला कंटाळलेला माणूस दोनेक तास गाडी हाकत तिथे पोचतो आणि तळ्यावरच्या रस्त्याला लागताना पुढच्या सहा ट्रकांच्या मागे थांबतो.

पण चाकांच्या घराला बर्फ जाड लागतो, आणि इथल्या माणसाला जाड होईपर्यंत धीर नसतो. राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं दरवर्षी तक्ता छापतं: नव्या, स्वच्छ, टणक बर्फाचे चार इंच असतील तर माणसाने चालावं, पाच ते सात असतील तर स्नोमोबाइल न्यावी, नऊ-दहा इंचांवर छोटी मोटार, ट्रकला त्याहून जास्त. पांढरट बर्फ निम्म्या ताकदीचा, म्हणून त्याची जाडी दुप्पट धरायची. आणि कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नसतो, हेही तिथेच लिहिलेलं असतं. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस अपर रेड लेकवर बर्फाचा भलामोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभरावर मासेमार त्याच्यासकट निघाले. सगळ्यांना सुखरूप काढलं, म्हणून हसून सांगता येतं. निवारा वाहून नेता येणारा हवा, याचा अर्थ तो मालकाने वाहून न्यायचा असतो. तळ्याने दोघांनाही न्यायचं नसतं.

तर चार इंचांचा बर्फ ते ट्रकचा बर्फ, या मधल्या काळाचा राजा म्हणजे घडीचा तंबू. त्याच्या मुख्य जाती दोन.

पहिली 'फ्लिप-ओव्हर'. १९८० च्या दशकात मिनेसोटाच्याच डेव्ह जेन्झ या मासेमाराने 'फिश ट्रॅप' नावाने ती लोकांपुढे आणली. इकडे त्याला 'मिस्टर आइस फिशिंग' म्हणतात. तोवरची रीत अशी, की एक भोक पाडायचं, त्यावर खोली ठेवायची आणि मार्चपर्यंत मासा येण्याची वाट बघायची. जेन्झचं म्हणणं साधं होतं: मासा येत नसेल, तर आपण उठावं. प्लास्टिकची एक खोलगट घसरगाडी, तिच्यातच पक्की केलेली खुर्ची, आणि खुर्चीमागे नळ्यांसकट दुमडलेलं कापड. भोकापाशी गाडी आणायची, खुर्चीत बसायचं, हात मागे नेऊन टप डोक्यावरून पुढे ओढायचा, की आपण आत. पंधरा पावलांवर दुसरं भोक आहे? टप मागे, गाडी पुढे, टप पुन्हा वर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच.

ही जात कोण घेतं, ते न विचारता ओळखता येतं. जो घरी टीव्हीसमोर बसून एकही कार्यक्रम पुरा बघत नाही. हॉटेलात आपली थाळी आली, की शेजारच्या टेबलावर काय आलंय ते बघतो. लग्नात पंगतीत बसल्यावर पलीकडची पंगत लवकर वाढली जातेय, असं ज्याला वाटतं, तो फ्लिप-ओव्हरवाला. तळ्यावर तो चाळणीगत भोकं पाडत सुटतो. त्याच्या बायकोला विचारा. ती म्हणते, "तळ्यावर काय नि घरात काय, हे असेच. आमचा सोफा या वर्षात तीन भिंतींना लागून झालाय."

या जातीची एक गंमत वजनात आहे. एकट्याची साधी फ्लिप-ओव्हर तीस-चाळीस किलोंची, दोघांची अस्तर लावलेली त्याहून बरीच जड. त्यात गिरमिट, हीटर, बादली, आमिषाचा डबा, जेवण. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर ती एका बोटाने सरकते. तळ्यावर पाऊलभर भुसभुशीत बर्फ साचला, की तीच गाडी मालकाला मागे ओढू लागते. म्हणून स्नोमोबाइल घ्यावी लागते. म्हणजे झालं असं, की चार इंचांच्या बर्फावर पायी जाता यावं म्हणून तंबू घेतला, तंबू ओढायला यंत्र घेतलं, आणि यंत्राला बर्फ लागतो पाच ते सात इंचांचा. मग माणूस काठावर उभा राहून उरलेले इंच गोठायची वाट बघतो. आमचे शेजारी आजोबा असे उभे राहिलेले मी दर डिसेंबरात बघतो. कसं काय विचारलं, तर म्हणतात, "वाईट नाही."

दुसरी जात 'हब'. चार भिंती नि छप्पर, आणि प्रत्येकाच्या मध्यावर एक चकती, तिच्यातून चार कोपऱ्यांकडे गेलेल्या लवचीक दांड्या. चकतीला लावलेला पट्टा धरून जोराने ओढला, की फट्ट आवाज करत भिंत बाहेर फुगते. चार भिंतींचे चार फट्ट नि छपराचा पाचवा, की उभं राहून कोट काढता येईल अशी खोली तयार. वजन फ्लिप-ओव्हरपेक्षा कमी, जागा कितीतरी जास्त, खाली तळ नाही, म्हणून भोकं हवी तिथे पाडा. हब घेणारा माणूस मासे पकडायला जातच नाही. तो माणसं जमवायला जातो.

आमच्याकडच्या मराठी मंडळींनी बर्फावर जायचं ठरवलं, तेव्हा हबशिवाय दुसरं काही घ्यायचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. एकट्याने बसायचा तंबू ही कल्पनाच आपल्याला पटत नाही. एकटं बसायचं तर घरात काय वाईट होतं? शनिवारी सकाळी हबमध्ये शिरलं, की समोरचं दृश्य असं: दोन भोकं, त्यांच्याभोवती पाच खुर्च्या, मधे प्रोपेनचा हीटर, हीटरवर फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं, थर्मासमध्ये आल्याचा चहा, आणि "दार लावा हो, वारा येतोय" असं दर दोन मिनिटांनी. एक वहिनी गळाकडे पाठ करून लोणच्याची बाटली उघडण्यात गुंतलेल्या. काठी एकदा वाकली. "अहो वहिनी, काठी!" वहिनी म्हणाल्या, "थांबा जरा, झाकण बसलंय." झाकण निघेपर्यंत मासा निघून गेला होता. लोणचं उत्तम होतं.

हब घेताना फसवणारी गोष्ट म्हणजे खोक्यावरचा आकडा. 'तीन माणसांचा', 'चार माणसांचा' असं छापलेलं असतं. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट निघते, त्या हिशेबाने आपण तीनच्या तंबूत चौघं धरून चालतो. इथला हिशेब उलटा. खोक्यावरची माणसं कोट घालत नाहीत, त्यांना बादली नसते, हीटरपासून लांब बसायचं नसतं, आणि गुडघे बहुधा घरी ठेवून आलेली असतात. इकडचे जाणते सरळ एक वजा करतात. तीनचा म्हणजे दोघांचा. दोघांचा म्हणजे एकाचा. एकाचा म्हणजे त्या एकाने जेवण आधी उरकून यावं.

आता वारा. तळ्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं; कॅनडातून निघालेला वारा पहिल्यांदा ज्याला भेटतो ते तुमचं हब. म्हणून वाऱ्याच्या बाजूची भिंत आधी फुगवायची, तिचा कोपरा बर्फात स्क्रूने पक्का करायचा, मगच बाकीच्या भिंतींना हात लावायचा. सगळ्या बाजूंना खाली झालर असते, तिच्यावर फावड्याने बर्फ ओढून घ्यायचा. हे पुस्तकात असतं. बर्फावर आलेला माणूस मात्र आधी पाचही फट्ट करून घेतो, कारण त्यातच मजा आहे, आणि मग स्क्रू कुठल्या पिशवीत आहेत ते शोधतो. तेवढ्यात पंधरा-वीस किलोंची ती खोली एका कडेवर उभी राहते, जरा विचार करते आणि कोलांट्या घेत निघते. तिच्यामागे काटेरी बूट घातलेला मालक. आजूबाजूच्या तंबूंतून माणसं कॉफीचे पेले घेऊन बाहेर येतात. कुणी हसत नाही, कुणी ओरडत नाही. एकजण शांतपणे म्हणतो, "आज वारा आहे जरा." आणि मग चौघंजण पेले बर्फावर ठेवून, आपापले गळ सोडून, अर्धा मैल पळत जाऊन ते हब धरून आणतात. हे शेजारपण कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

ऊब हा पुढचा प्रश्न, आणि यात विक्रेत्यांची कमाल आहे. साधं कापड स्वस्त आणि हलकं. पण आतला श्वास नि हीटरची वाफ छताला लागते, गोठते, आणि हीटर तापला की थेंब थेंब मानेवर पडते. अस्तर घातलेलं कापड घेतलं, की ठिबकणं कमी, ऊब जास्त, वजन नि किंमत दोन्ही जास्त. "वाऱ्याची एक झुळूक आत येणार नाही," असं सांगून ते विकतात. घरी येऊन हीटरबरोबरचा कागद उघडला, की पहिली सूचना: खिडकी उघडी ठेवा. कारण बंद तंबूत प्रोपेन जाळला, की कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो चौकशी करत नाही. म्हणजे झुळूक अडवायला जादा पैसे द्यायचे आणि मग झुळूक यावी म्हणून चेन उघडायची. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, ती चेन उघडायची आणि धोक्याची सूचना देणारं छोटं यंत्र कोपऱ्यात टांगायचं. इतर सगळ्या गोष्टींत काटकसर चालेल.

खिडक्यांबद्दल फार विचार करू नये. दुकानात माणसं खिडक्या मोजतात. बर्फावर गेल्यावर सगळ्या झाकतात, कारण तंबूचं खरं काम अंधार करणं. याबाबतीत त्या घोंगडीच्या पुढे कुणीही गेलेलं नाही. झाकण्या चिकटवल्या, डोळे सरावले, की भोकातून हिरवा उजेड वर येऊ लागतो. वरच्या बर्फातून पाण्यात झिरपलेला दिवस तो. पाणी उथळ असेल, तर तळाची वाळू, झोपलेलं शेवाळ, आपल्या गळाला लावलेली इवलीशी मासळी, सगळं दिसतं. पिवळ्या अंगावर काळे पट्टे ओढलेला एक पर्च येतो. आमिषापासून चार बोटांवर थांबतो. कल्ले हलतात. तो आमिषाकडे बघतो, आपण त्याच्याकडे बघतो. मग तो मागच्या मागे सरकतो, वळतो आणि जातो. खोल पाण्यात पूर्वी मासा आपल्याला नाकारायचा, ते कळायचं तरी नाही, मान राहायचा. आता तिथेही फ्लॅशर नावाचं यंत्र मासा दाखवतं. गोल तबकडीवर तळ, आमिष नि मासा रंगीत रेघांनी दिसतात. रेघ वर येते, आमिषाला टेकते, आणि आस्ते आस्ते खाली जाते. एवढे डॉलर मोजून माणसाने स्वतःचा अपमान रंगीत करून घेतला आहे.

शेजाराबद्दल कायदा स्पष्ट आहे. दुसऱ्याच्या निवाऱ्यापासून दहा फुटांच्या आत आपला लावायचा नाही. बर्फातून प्रत्येकाने दोन गळ टाकायला परवानगी. उन्हाळ्यात एकच मिळतो. घडीचा तंबू सोडून लांब गेलात, तर त्याचा परवाना लागतो. जवळ असाल तर नाही. दहा फूट ही माझ्या मते फार विचार करून ठरवलेली मर्यादा आहे. या अंतरावरून शेजाऱ्याला मासा लागला, ते रिळाच्या आवाजावरून कळतं, पण त्याचं मत ऐकू येत नाही. १९९३ च्या 'ग्रम्पी ओल्ड मेन' या सिनेमात जॅक लेमन नि वॉल्टर मॅथो मिनेसोटातल्या वबाशा गावात शेजारी शेजारी राहून भांडतात आणि हिवाळ्यात बर्फावरही शेजारी शेजारीच मासे पकडत भांडतात. इकडच्या लोकांना तो सिनेमा अतिशय आवडतो. एवढं मोठं तळं मोकळं असताना दोघं लांब का गेले नाहीत, असं मी एकाला विचारलं. तो चकित होऊन म्हणाला, "मग भांडले कुणाशी असते?"

आता व्यवहाराचं बोलू, कारण मराठी माणूस इथवर गप्प बसलेला नाही. आमचा एक मित्र मूळचा वेंगुर्ल्याचा. राज्याचा मासा म्हणून मिरवणारा वॉलाय त्याने पहिल्यांदा रवा लावून तळला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, शेवटी म्हणाला, "बरो आसा. पण समुद्र लागना नाय ह्याका." नॉर्दर्न पाइक नावाच्या माशाला इथली माणसं काट्यांमुळे नाक मुरडतात, तो मात्र आमचा मित्र सगळ्यांकडून मागून घेतो. लहानपणापासून पेडवे खाल्लेल्या माणसाला काट्यांचं काय कौतुक! त्याने एकदा जेवतानाच हिशेब काढला. तंबू, गिरमिट, हीटर, फ्लॅशर, बूट, परवाना, पेट्रोल, एका बाजूला. दुसऱ्या बाजूला हिवाळ्यात पदरात पडलेले मासे. भागाकार झाल्यावर किलोचा जो भाव निघाला, तो ऐकून टेबलावरचं प्रत्येकजण आपापल्या ताटातल्या तुकडीकडे आदराने बघू लागला. मित्र म्हणाला, "पापलेट विमानाने मागवलेलं स्वस्त पडेल." त्यावर यजमानीणबाई म्हणाल्या, "भाऊजी, पण मग हे शनिवारी कुठे जातील?" हिशेबातली ही रक्कम त्याने धरलीच नव्हती.

शेवटची परीक्षा घडीची. दुकानात सगळे तंबू उघडे असतात. मिटलेला तंबू परत पिशवीत जाताना कुणी बघितलेला नसतो. फ्लिप-ओव्हर इथे बाजी मारते: टप मागे टाकला, की संपलं. हबचं तसं नाही. दिवसभर झालरीवर ओढलेला बर्फ आतल्या उबेने वितळून कापडात मुरतो, आणि संध्याकाळी हीटर बंद केला की त्याचा पत्रा होतो. स्क्रू बर्फात घट्ट बसलेले. हातमोजे घातले तर चेन धरता येत नाही, काढले तर बोटं. चकत्या आत ढकलल्या की भिंती मिटतात, पण एक मिटेपर्यंत समोरची फट्टकन उघडते. सकाळी ज्या पिशवीतून हे सगळं निघालं, तीच पिशवी आता निम्म्या तंबूला पुरते. अंधार पडलेला, वारा वाढलेला, आणि नवरा-बायको दोन टोकं धरून एकमेकांना सांगताहेत, "तुझ्या बाजूने." इतक्या वर्षांच्या संसारात राहून गेलेले मुद्दे याच वेळी निघतात. म्हणून मी विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: खिडक्या मोजू नका, अस्तर चिमटीत धरून बघू नका. जाडे हातमोजे घालून, मिणमिणत्या उजेडात, ज्या माणसाबरोबर जाणार आहात त्याच्यासोबत तो तंबू एकदा मिटून बघा. पिशवीची चेन लागेपर्यंत दोघं बोलत असाल, तर घ्या.

आणि एक माप न विसरता घ्या, ते दिवाणखान्याचं. हे कुठलाही विक्रेता सांगत नाही. ओला तंबू तसाच गॅरेजात टाकला, तर त्याला बुरशी येते आणि उंदीर लागतात, म्हणून घरी आल्यावर तो पूर्ण उघडून वाळवावा लागतो. बाहेर वाळायचा प्रश्नच नाही, बाहेर उणे वीस. मग सोफा सरकतो, टीपॉय जिन्याखाली जातो, आणि पाच फट्ट होऊन ते हब घराच्या मध्यभागी उभं राहतं. पोरं त्यात उश्या नेतात, जेवणाची ताटं आत मागवतात, चेन आतून लावून घेतात आणि बाहेर यायला नकार देतात. वाळायला दोन दिवस पुरतात, पण सहसा दोन आठवडे लागतात. एखाद्या रात्री सगळे झोपल्यावर घरचा कर्ताही हळूच आत जाऊन बसतो. तिथे वारा नाही, हीटर नाही, मानेवर थेंब नाही. मासे म्हणाल, तर तळ्यावर लागतात जवळजवळ तेवढेच.